तारेचं पाणी

मळेवाडीत कुणालाही विचारा, विजयमालाबाई कोण, तर माणूस आधी हसेल आणि मग सांगेल. निम्मं गाव त्यांच्या मांडीवर झोपून मोठं झालंय, हसणार नाही तर काय! तालमीत शड्डू ठोकणारा, मिशीला पीळ देणारा पैलवान असो, रस्त्यात बाई दिसल्या की मान खाली घालून ‘नमस्कार बाई’ म्हणून बाजूला होतो. न होऊन सांगतो कुणाला? त्याची चड्डी किती वेळा बदलली हे बाईंना ठाऊक आहे, आणि बाईंच्या तोंडाला काही कुलूप नाही.

कराडकडून कृष्णेच्या काठाकाठानं खाली यावं, तर सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा कुठं सुरू झाला ते कळत नाही. उसाला जिल्हे कळत नाहीत. त्या उसात दडलेली ही मळेवाडी, आणि देवळामागं पत्र्याच्या खोलीत भरणारी विजयमालाबाईंची अंगणवाडी. खिचडी शिजवायची, वजनं करायची, डोस पाजायचे, घरोघर फिरून पोटुशी बायकांना गोळ्या द्यायच्या, ही सरकारी कामं त्या करायच्याच. पण त्यांची खरी विद्या होती मांडी. पोरगं कितीही किरकिरं असू दे, बाई भिंतीला टेकायच्या, मांडी घालायच्या, पोराला आडवं घ्यायच्या आणि गुडघा हलवत नुसतं ‘हूं… हूं… हूं…’ करायच्या. त्याला ना सूर ना शब्द. जात्याची घरघर लांबून ऐकू यावी तसा तो आवाज. पण पोर गपगार. आया म्हणायच्या, ‘बाईच्या मांडीत अफू हाय.’

बाईंचे मालक नाथाजी पलटणीत हवालदार होते. ते कायम कुठंतरी बर्फात, आणि बाई इथं एकट्या, पदरात एक पोरगं. पृथ्वीराज. तीन वर्षांचा झाल्यावर तो कुठं जाणार? आईच्या मागं मागं अंगणवाडीतच. आणि तिथं पहिल्याच आठवड्यात एक बाई येऊन फणकारली, ‘सोताच्या पोराला मांडी आन् आमच्या पोराला सतरंजी व्हय?’ विजयमालाबाईंच्या ते वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकाला दारातच सांगितलं, ‘हितं मी तुजी आई न्हाई. हितं मला बाई म्हणायचं. आन् तितं पलीकडं बसायचं.’

पोरगं गुणी. बसलं. पलीकडच्या कोपऱ्यात पत्र्याला कान लावून बसायचं आणि दिवसभर कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाई मात्र ही गोष्ट सांगताना फुशारकीनं सांगायच्या, की बघा, मी लेकातसुद्धा भेद केला नाही. भले शाब्बास! गावानंही वाहवा केली. पोराला मात्र कुणी विचारलं नाही.

पोरगं वाढलं. सांगलीला इंजिनियरिंगला घातलं, ते अर्ध्यात सोडून पुण्याला गेलं आणि गिटार घेऊन चौघांच्या एका बँडमध्ये शिरलं. कसला बँड? तर एक्स्परिमेंटल रॉक. नाथाजी तेव्हा निवृत्त होऊन म्हशीमागं लागले होते. त्यांनी विचारलं, ‘म्हंजी काय रं?’

‘आबा, जे गाणं अजून कुणाला सापडलं नाही ते शोधायचं.’

‘म्हंजी हरवलंय व्हय? मंग पोलिसात द्या की वर्दी.’

त्यावर बाप-लेकाचं जे बोलणं खुंटलं, ते खुंटलंच. गावात कुणी विचारलं, पोरगं काय करतंय, की बाई म्हणायच्या, ‘कंप्युटरमधी हाय.’ आणि पदर सारखा करून पुढं जायच्या. लेक सुट्टीला यायचा, दार लावून वाजवायचा. बाहेर जे ऐकू यायचं ते ऐकून म्हशीनंसुद्धा कान टवकारावेत. बाईंनी ते दार कधी ढकललं नाही. काय वाजवतोस, दाखव तरी, असं एकदाही म्हटलं नाही.

यंदा दिवाळीत तो आला तो पेट्या, तारा, पायानं दाबायच्या डब्या असा सगळा बाडबिस्तरा घेऊनच आला. त्यांचा ढोलकवाला म्हणजे ड्रमर परदेशी गेला होता आणि बँड थंडावला होता. आता इथं हा करायचा काय, तर विहिरीच्या मोटरीला माईक लावायचा, रसाच्या गुऱ्हाळाची करकर टिपायची, कारखान्याचा भोंगा टिपायचा. गावात बोभाटा झाला, ‘हवालदाराचं पोरगं इहिरीला कान लावून बसतंय.’

पण गिटार म्हटलं की बायकांना मोबाईलमधला देखणा नटच दिसतो. त्यांनी बाईंना गळ घातली, ‘बालदिनाला आमच्या पोरास्नी वाजवून दावाय सांगा की.’ बाईंना आतून बरं वाटलं. इतक्या वर्षांत लेकाचं काहीतरी गावाला दाखवण्याजोगं निघालं! पृथ्वीराजनं विचारलं, ‘आई, तुझी बडबडगीतं वाजवू, की माझं?’

‘तुजंच वाजव की. त्यात काय यवढं!’ न ऐकलेल्या गोष्टीला बाईंनी अशी झोकात परवानगी दिली.

आता इथं शिवांजलीचं सांगायला हवं. साडेतीन वर्षांची ही पोरगी रेश्माची. बाप सैन्यात, सीमेवर. बाप सुट्टी संपवून गेला की पोरगी दोन-तीन दिवस बाईंना चिकटून राहायची. कार्यक्रम कुठलाही असो, झेंडावंदन असो की आरोग्य तपासणी, तिची जागा ठरलेली, बाईंची मांडी. बालदिनालाही ती तिथंच बसली होती. पण पृथ्वीराजनं गिटार गळ्यात अडकवली आणि बाईंना वाटलं, आपल्या लेकाला जरा समोरून बघावं. त्यांनी पोरीला उचललं, पहिल्या रांगेत आवाजाच्या पेटीशेजारी ठेवलं, ‘बस हितं, आलेच मी,’ म्हणाल्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. डोळे भरून लेकाकडं बघत.

सुरुवात बरी झाली. बारीक घुमणारा आवाज, जणू विहिरीत कुणी बोलतंय. पोरं तोंड उघडं टाकून बघत राहिली. मग पृथ्वीराजनं स्टीलची वाटी घेतली आणि तारेवरून वरून खाली ओढली. आवाज हळूहळू चढत गेला. पुण्याच्या हॉलमध्ये त्या आवाजाचं काय होत असेल ते असो, इथं वर पत्रा होता. पत्रा थरारला, खिडकीची कडी वाजायला लागली, आणि तो आवाज खोलीत असा भरला की पळायला जागा उरली नाही. काही पोरं खदाखदा हसली. एक उठून नाचायला लागलं. शिवांजलीनं मात्र अशी किंकाळी फोडली की ती त्या आवाजाच्याही वर गेली. बाई धावल्या. पृथ्वीराजनं हात आवरला. पोरगी ओली झाली होती आणि अंग ताठ करून थरथरत होती. मांडीवर घेतली, तरी ती बाईंच्या गळ्यात पडेना. ‘हूं हूं’ केलं, तर तिनं बाईंच्याच तोंडावर हात दाबला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाईंची मांडी चालली नाही.

संध्याकाळी पोरीला ताप भरला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, कान बघितले, म्हणाल्या कानाला काही नाही, भ्यालीय, होईल बरी. ताप उतरला, पण पोरगी बोलेना. खायची, प्यायची, बोट दाखवायची, तोंडातून शब्द नाही. रविवारी बापाचा व्हिडिओ कॉल आला. एरवी ती सलाम ठोकून ‘जय हिंद पप्पा’ म्हणायची. या वेळी आजीच्या पदरात तोंड खुपसून बसली. पलीकडं तो गडी ‘शिवू, ए शिवू’ करत राहिला आणि शेवटी रेंज गेल्याचं निमित्त करून त्यानं फोन ठेवला. रेश्मानं हे बाईंना सांगितलं तेव्हा तिचा आवाज साधा होता, चिडकासुद्धा नव्हता. तेच बाईंना जास्त लागलं.

गावाला मात्र आवाज फुटला! दूध डेअरीवर लालासाहेबांनी बाईंना अडवलं. लालासाहेब म्हणजे माजी सरपंच, गावाच्या सगळ्या गोष्टी अजून आपल्याच खिशात आहेत असा त्यांचा समज.

‘वैनी, गाण्याला गाणं म्हणावं आसं तरी आसावं. ही असली राक्षसी गाणी बारक्या पोरांच्या मेंदूत शिरत्यात. मोबाईलवर आलंय तसं.’

हे कोण बोलतंय? ज्यानं थोरल्याच्या लग्नात सांगलीहून डॉल्बी आणली, जिच्या दणक्यानं शाळेच्या काचा खाली आल्या, आणि जो स्वतः चार महिन्यांच्या नातवाला खांद्यावर घेऊन त्या भिंतीएवढ्या पेट्यांसमोर नाचला, तो हा गृहस्थ! तेव्हा कुणाच्या मेंदूत काही शिरलं नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. बाईंच्या जिभेवर हे सगळं आलं होतं. पण पोरगी खरंच भ्याली होती, आणि ती लालासाहेबांच्या डॉल्बीला नाही, आपल्या लेकाच्या गिटारीला भ्याली होती. बाई गप्प बसल्या. तोंडाळ बाई गप्प बसली की गाव काय ते समजतं.

हळूहळू पोरं यायची बंद झाली. आया डबा घेऊन यायच्या, खिचडी न्यायच्या, ‘पोराला सर्दी हाय बाई’ म्हणायच्या. सगळ्या गावाला एकदम सर्दी! बाई रिकाम्या सतरंजीवर बसून राहायच्या. भिंतीवर त्यांनीच काढलेला हत्ती, त्यांनीच काढलेला पोपट. वाटायचं, रिटायर व्हायला थोडी वर्षं उरली, ती ही अशी जायची? गावानं विश्वासानं पोरं मांडीत दिली होती, आणि आता तोच विश्वास गावानं डब्यात भरून परत नेला होता.

एका दुपारी घरी येऊन त्यांनी पायातल्या चपला न काढताच लेकाला सांगितलं, ‘तू जा पुण्याला. हितं ऱ्हाऊ नगंस.’

पृथ्वीराज तारा गुंडाळत होता. हात थांबला त्याचा.

‘चूक झाली आई. पत्रा ध्यानात घ्यायला हवा होता मी. आणि ती पेटीला चिकटून बसलीय, तेही दिसलं होतं मला. वाटलं, कुणीतरी घेईल.’

‘मंग तसलं वाजवावंच कशाला? चांगली गाणी मेली व्हय जगातली? कुणाच्या घरात असली गाणी ऐकत्यात बारकी पोरं?’

‘मी ऐकायचो की,’ तो म्हणाला. ‘पत्र्याला कान लावून. वारा आला की पत्रा वाजायचा, पाऊस आला की वाजायचा, पलीकडं तू कुणाला झोपवायचीस तेही त्यातनंच यायचं. सगळ्या गावाची पोरं तुझ्या मांडीवर झोपली, माझ्या वाट्याला पत्रा आला. माझी तक्रार नाही गं. पण माझं गाणं तिथंच झालंय, ते मी कुठून बदलू?’

तो रागानं बोलला असता तर बाईंनी चार सुनावल्या असत्या. तो आपला साधेपणानं बोलला आणि पुन्हा तारा गुंडाळायला लागला. बाई तशाच चुलीपाशी जाऊन बसल्या. आपण कुणात भेद केला नाही, हे त्यांनी आयुष्यभर मिरवलं होतं, आणि भेद तर झालाच होता की! आत पृथ्वीराज बॅग भरत होता. सकाळच्या गाडीनं जायचं ठरवलं त्यानं.

आणि तेवढ्यात अंगणात हाळी आली, ‘हाईत का घरात?’

राहीबाई! शिवांजलीची आजी. हिचं आणि बाईंचं साप-मुंगसाचं नातं. पहिलं चिकाचं दूध बाळाला पाजायचं की फेकायचं, इथपासून भांडण. डोसाला राहीबाईंचा विरोध, बाळाच्या डोळ्यांत काजळ घालायला बाईंचा विरोध. बाईंनी समजावावं, राहीबाईंनी फणकारावं आणि शेवटी दोघींपैकी जी जास्त दमली नसेल तिचं खरं व्हावं. बाईंना वाटलं, आली आता दारात तमाशा करायला.

नाथाजी गोठ्यातून बाहेर आले. ‘काय म्हंता?’

‘हवालदार, तुमच्यासंगं काम न्हाई. पोरगं कुटं हाय तुमचं?’

पृथ्वीराज बाहेर आला. राहीबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं.

‘बाळ, तुज्या त्या वाद्याची तार दे मला. जी वाजली आन् पोरगी भ्याली, तीच. दुसरी नगं.’

‘कशाला?’ बाईंनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं.

‘ज्याला भ्यालं त्याचंच पाणी उतरावं लागतं. तार तापवायची, पाण्यात इझवायची आन् ते पाणी पोरीला लावायचं. आमचा बापू, ह्या शिवूचा बाप, नंदीबैलवाल्याच्या गुबुगुबु ढोलाला आसाच भ्याला हुता. मोरीत जाऊन बसायचा. नंदीवाल्याला बलीवला, त्याच्या हातनं ढोलावरचं पाणी घेतलं. आज बॉर्डरवर बंदूक घिऊन हुबा हाय गडी.’

नाथाजी हसले. बाई मात्र उसळल्या. ‘काकी, अंधश्रद्धा हाय ही. आन् त्या तारेला काय काय लावल्यालं आसतं. पोटात गेलं म्हंजी?’

‘मंग तुमी सांगा उपाय! तुमच्या सरकारी वहीत हाय का?’

बाईंच्या वहीत नव्हता. पृथ्वीराज आत गेला, गिटार घेऊन आला आणि उंबऱ्यावर बसून त्यानं सगळ्यात जाड तार खुंटीवरून सोडवली. ती हातात देताना त्यानं विचारलं, ‘मी येऊ?’

‘येऊ म्हंजी? यायलाच पायजेल. ज्याला भ्यालं त्यानंच आपल्या हातानं पाणी लावावं लागतं. न्हाईतर भ्या जाईल कसं?’

राहीबाईंच्या स्वयंपाकघरात गॅस होता, पण असल्या कामाला चूलच लागते म्हणून परड्यातली चूल पेटवली होती. रेश्मा शिवांजलीला घेऊन दारात उभी. पृथ्वीराजला बघताच पोरगी आईच्या खांद्यात घुसली. राहीबाईंनी हुकूम सोडला, ‘रेश्मा, पोरगीला घिऊन हितं बस. मांडीत घट्ट धर. लेकरू मांडीवर आसलं की वाघाची डरकाळी बी गोष्टच वाटती.’

विजयमालाबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांना बालदिन आठवला, पहिली रांग, ‘आलेच मी.’ इतका वेळ सगळं गाव आवाजावर कोर्ट भरवून बसलं होतं, पोरांना असलं ऐकवावं की ऐकवू नये. आणि पोरीला मांडीवरून खाली ठेवलं कुणी, हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी स्वतःलासुद्धा विचारलं नव्हतं. ‘काकी,’ त्या म्हणाल्या, ‘मीच उतरवली हुती तिला त्या दिवशी.’ राहीबाईंनी चिमट्यानं तारेचं टोक निखाऱ्यात सरकवलं.

टोक लाल झालं. पृथ्वीराजनं चिमटा हातात घेतला आणि टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं. चर्र! वाफ उठली.

पोरीनं एक डोळा बाहेर काढला.

पाणी प्यायला द्यायचं की नाही यावर पुन्हा दोघींची जुंपली. राहीबाई म्हणाल्या घोटभर, बाई म्हणाल्या थेंबसुद्धा नाही, मी अंगणवाडीवाली आहे, माझ्या देखत नाही चालायचं. शेवटी तळपायाला आणि कपाळाला लावायचं ठरलं. या गडबडीत पृथ्वीराजचं कुणाकडंच लक्ष नव्हतं, आणि त्याचं लक्ष फक्त त्या एका डोळ्याकडं होतं. त्यानं टोक पुन्हा निखाऱ्यात धरलं, पुन्हा पाण्यात घातलं. चर्र.

‘आनिक,’ शिवांजली म्हणाली.

भांडण जागच्या जागी थांबलं. रेश्माच्या हातून पोरगी निसटायचीच बाकी होती. राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. पृथ्वीराजनं काही झालंच नाही अशा थाटात आणखी एकदा चर्र केलं, मग ओल्या बोटांनी तिच्या तळपायाला पाणी लावलं. तिनं पाय मागं घेतला नाही. मग त्यानं तारेचं एक टोक दाराच्या खिळ्याला बांधलं, दुसरं काडीला गुंडाळून ताणलं आणि बोटानं छेडलं. ‘टुंई.’ काडी ओढली तसा आवाज वर गेला, ढिली सोडली तसा खाली आला. पोरीचा चेहरा आक्रसला. तिनं ओळखला तो आवाज.

‘तोच हाय,’ पृथ्वीराज म्हणाला. लेकाच्या तोंडात गावाची बोली बाईंनी कित्येक वर्षांनी ऐकली. ‘त्या दिशी लय मोठा केला मी. चुकलं माजं. आज बारीक हाय बघ. तू वढ.’

तिनं आईच्या मांडीवरूनच हात लांब केला आणि काडी ओढली.

त्या रविवारी बापाला सलाम मिळाला. नंतर म्हणे पोरगी पाऊण तास तारेचंच सांगत होती आणि बापाला फोनसाठी खोळंबलेल्या मित्रांना बाजूला सारावं लागलं. पृथ्वीराजची सकाळची गाडी चुकली ती चुकलीच. आणि गाव? राहीबाई बोलल्या की गाव बोलतं. त्यांनी पाणवठ्यावर जाहीर केलं, ‘पोरगं चांगलं हाय. तार तोडून दिली त्यानं.’ बस्स! पोरांची सर्दी एकेक करून बरी झाली. लालासाहेब तेवढे अजून डेअरीवर मेंदूचं सांगत असतात. त्यांना कोण काय पाणी लावणार?

संक्रांतीनंतर अंगणवाडीत बोरन्हाण होतं. बारकी पोरं मधे बसवायची आणि त्यांच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा ओतायचा. बाईंनी यंदा स्वतःहून लेकाला सांगितलं, ‘तू वाजव. पण पेटी बाहीर, वट्यावर. आन् एक बी पोरगं मांडीबिगर बसायचं न्हाई.’ झाडून सगळ्या आया आल्या, आज्या आल्या, मांड्या घालून बसल्या. पृथ्वीराजनं पितळी परात उपडी घातली, तिच्याखाली माईक सरकवला आणि म्हणाला, वता. बोरं परातीवर पडली आणि ओट्यावरच्या पेटीतून जे काही बाहेर आलं, त्याला पोरांनी असा कल्ला केला की देवळावरची कबुतरं उडाली. एका पोराला आवडलं नाही, ते रडलं, त्याची आई त्याला घेऊन बाहेर कण्हेरीपाशी गेली. कुणी काही म्हटलं नाही. एक तर चक्क झोपलं.

शिवांजली बाईंच्या मांडीवर होती. परात थांबली आणि पृथ्वीराजनं नवी जाड तार छेडली. खालचा, जाडा, लांबत जाणारा आवाज. थांबून थांबून येणारा. बाई पहिल्यांदाच लेकाचं वाजवणं ऐकत होत्या. आजवर त्यांनी एकतर बंद दार ऐकलं होतं, नाहीतर नुसता लेक बघितला होता. आवाज जमिनीतून मांडीत चढला, मांडीतून छातीत. हा आवाज त्यांना ठाऊक होता. त्यांचाच होता तो. हूं… हूं… हूं… पलीकडच्या कोपऱ्यातून, पत्र्याला कान लावून, दुसऱ्यांची पोरं झोपताना ऐकलेला. वर्षानुवर्षं त्यानं तोच शोधला होता, तोच वाजवला होता, आणि त्यांनी लोकांना सांगितलं होतं, कंप्युटरमध्ये आहे म्हणून.

त्यांचा गुडघा थांबला. अंग थरथरायला लागलं, डोळ्यांतलं पाणी गालावरून पोरीच्या केसांत पडलं. शिवांजलीनं वर बघितलं. मग ती मांडीवरच उलटी फिरली आणि तिनं आपले दोन्ही तळवे बाईंच्या कानांवर ठेवले.

‘बाई, भिऊ नगा. तारंचं हाय ते. दादाला बारीक कराय सांगू?’

बाईंनी तिचे हात कानांवरून हळूच काढून आपल्या हातात धरले.

‘नगं बाळा,’ त्या म्हणाल्या. ‘वाजू दे.’